टेकचंदची जाळी आणि माझी नसलेली

माझे वडील गेले तेव्हा टेकचंदनेही मुंडण केलं. दहाव्याला नदीकाठी न्हावी आला होता. माझं डोकं उरकलं तसा टेकचंद चपला काढून माझ्या जागी पाटावर बसला आणि त्याने मान खाली घातली. न्हावी वस्तरा पुसत म्हणाला, "शेठ, तुमचे कोण गेले?"

"याचे वडील."

"मग तुम्ही कशाला?"

"हा एकटा टकला फिरेल काय पूर्ण कॅम्प पाचमध्ये? लोक बघत बसतील. दोघं असलो तर वाटेल फॅशन आहे."

मला तोपर्यंत रडू येत होतं, ते तिथेच थांबलं. महिनाभर आम्ही दोघे तुळतुळीत डोक्याने उल्हासनगरात हिंडलो. त्याच्या दुकानात येणारं गिऱ्हाईक आधी त्याचं सांत्वन करायचं आणि मग चेन मागायचं.

मी शिर्के. अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात भांडार सांभाळून निवृत्त झालो. आमच्या इमारतीत तळमजल्याला टेकचंदचं चेन-बटणांचं दुकान. आमच्या भागात घरोघरी जीन्स शिवल्या जातात, त्या सगळ्यांना पितळी बटणं आणि चेन टेकचंदकडून. वरच्या मजल्यावर एका दाराआड आम्ही नवरा-बायको, समोरच्या दाराआड टेकचंद, त्याची बायको ईश्वरीभाभी आणि मुलगा जीतू. सिंधीत भावाला 'अदा' म्हणतात आणि 'चल' म्हणायचं तर 'हलु' म्हणतात. हे दोनच शब्द मी त्याच्याकडून शिकलो, कारण दिवसातून दहा वेळा ते कानावर पडायचे. "एकट्याने कशाला, अदा? हलु, मी पण येतो."

कोणी काही करायला निघालं की टेकचंद त्याच्याबरोबर जायचा. नुसता जायचा नाही, तेच करायचा. मी दाढ काढायला गेलो, तर शेजारच्या खुर्चीत बसून त्यानेही एक काढून घेतली. दातांचे डॉक्टर म्हणत होते, ही चांगली आहे हो. टेकचंद म्हणाला, "आज चांगली आहे, उद्या खराब होणारच. हा आत्ता आहे सोबतीला, उद्या असेल नसेल." माझ्या मुलीने स्कूटरचं लायसन्स काढलं तेव्हा यानेही परीक्षा दिली. ती पास झाली, हा नापास झाला, आणि पेढे यानेच वाटले. एका वर्षी इमारतीत हरतालिकेचा उपास धरणारी माझी बायको सुनंदा एकटीच होती. टेकचंदने उपास धरला.

"अहो भाऊजी," सुनंदा म्हणाली, "हा नवऱ्यासाठी धरतात."

"मग शिर्केसाठी धरतो. एवढी वर्षं मीच तर सांभाळतो त्याला."

संध्याकाळी दोघं रिकाम्या पोटी जिन्यात बसून माझे दोष मोजत होते. उपास मला लाभला की नाही माहीत नाही, पण त्या दोघांची मैत्री त्या दिवशी पक्की झाली.

ही सवय कुठून आली हे त्याने मला एकदा सांगितलं होतं. त्याचं लहानपण कॅम्पातल्या बराकीत गेलं. फाळणीनंतर आलेली कुटुंबं एका लांबलचक बराकीत, मध्ये गोणपाटाचे पडदे, आणि संडास पार मैदानाच्या टोकाला, सगळ्यांना मिळून. अंधार पडला की तिकडे कुत्री असायची. त्याच्या आईचा नियम होता की पोरांनी एकट्याने जायचं नाही. एकाला लागली की दुसऱ्यानेही जायचं, लागलेली असो वा नसो. टेकचंद घरात सगळ्यात धाकटा. "मला लागायची तेव्हा मी बोलायचोच नाही," तो सांगायचा. "वाट बघायचो कोणाला तरी लागेल. मग म्हणायचो, हलु, मी पण येतो."

हे सगळं आधी सांगायचं कारण असं की आमच्या गल्लीत एक गोष्ट प्रसिद्ध आहे. शिर्केकाकांनी मेंदूच्या ऑपरेशनला हिंमत दाखवली, ती बघून टेकचंदला धीर आला आणि त्याचा जीव वाचला, अशी ती गोष्ट. तिच्या जोरावर मला ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळात शाल मिळाली आहे. ती गोष्ट खोटी आहे. खरी गोष्ट अशी.

काही वर्षांपूर्वी माझं डोकं सारखं दुखायला लागलं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी एमआरआय करून घ्या म्हटलं. टेकचंद बाजूलाच बसला होता. त्याने डॉक्टरांसमोर हात पुढे केला आणि म्हणाला, "माझी पण चिठ्ठी लिहा."

"तुमचंही दुखतंय?"

"याचं दुखतं म्हणून हा रात्री येरझाऱ्या घालतो. याच्या चपलेच्या आवाजाने माझं दुखतं."

डॉक्टर त्याला ओळखत होते. त्यांनी चिठ्ठी लिहिली. बदलापूरच्या एका सेंटरवर आम्ही दोघांनी एकापाठोपाठ एक त्या यंत्रात डोकं घातलं. मी भेदरून बाहेर आलो. टेकचंद खुशीत बाहेर आला. "आत कोणीतरी जीन्सला बटणं ठोकतंय," तो म्हणाला. "मला तर झोप लागली."

माझ्या डोक्यात काही निघालं नाही. चष्म्याचा नंबर वाढला होता, एवढंच. टेकचंदच्या डोक्यात मात्र एका रक्तवाहिनीला वाटाण्याएवढा फुगा निघाला.

त्याने तो रिपोर्ट मानलाच नाही. "अदलाबदल झाली. डोकं याचं दुखतं, मग फुगा माझा कसा निघेल? याचाच फुगा आहे. माझ्या नावावर चढवला." सेंटरवाल्यांनी पुन्हा फोटो काढला. फुगा तिथेच होता. मग आम्ही मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात तज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे गेलो. वयाने आमच्या मुलीएवढ्या. त्यांनी शांतपणे समजावलं. रक्तवाहिनीची भिंत एका जागी पातळ झाली आहे, तिथे रक्ताच्या दाबाने फुगा आला आहे. तो फुटला तर जिवावर बेतेल. कधी फुटेल सांगता येत नाही, कदाचित फुटणारही नाही, पण ज्या जागी आणि ज्या आकाराचा तो आहे, तसाच ठेवावा असं मला वाटत नाही.

"डोकं उघडणार?" टेकचंदने विचारलं.

"नाही. मनगटातून बारीक नळी आत घालून मेंदूपर्यंत न्यायची. फुग्याच्या तोंडावरून, रक्तवाहिनीच्या आत, ही अशी जाळीची नळी ठेवायची." त्यांनी खणातून नमुना काढला. केसांहून बारीक तारांनी विणलेली चकचकीत नळी. "मग रक्त सरळ पुढे जातं, फुग्यात फारसं शिरत नाही. आत अडकलेलं रक्त साकळतं, आणि काही महिन्यांत फुगा बंद होतो. जाळीवर आतून अस्तर चढतं."

"म्हणजे फुग्याला हात नाही लावायचा?"

"नाही."

"गिऱ्हाईकाला दुसऱ्या रस्त्याने पाठवायचं. फुग्याचं दुकान आपोआप बंद."

"साधारण तसंच," त्या म्हणाल्या.

तोवर टेकचंदने नमुना उचलून अंगठ्यावर ताणून पाहिला होता. "वीण चांगली आहे. मोठी निघाली तर बदलून मिळेल?"

"एकदा बसवली की बदलत नाही. म्हणून माप आधी नीट घेतो."

"ट्रायल पण नाही?"

"नाही."

"बघ अदा," तो मला म्हणाला, "चेनसुद्धा आपण बदलून देतो."

तिथे तो असा बोलला, पण घरी आल्यावर त्याने विषयच बंद केला. दिवाळी होऊ दे, लग्नसराई होऊ दे, गिऱ्हाईक सांभाळू दे. ईश्वरीभाभी आमच्या स्वयंपाकघरात येऊन पालकाची जुडी निवडता निवडता रडायच्या. जीतू चिडायचा. मला मात्र दुसरंच दिसत होतं. टेकचंद कोणाबरोबर जात नव्हता. सुनंदा पासबुक भरायला निघाली, हा बसून राहिला. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ मोतीबिंदूसाठी निघाले, हा "जाऊन या" म्हणाला. "जाऊन या" हे शब्द मी त्याच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. तो दिवसभर गल्ल्यावर बसून बटणं रंगावारी लावत असायचा. ती आधीच लावलेली असायची.

एक दिवस मी त्याच्यासमोर बसलो. म्हटलं, "घाबरलास का?"

"अदा," तो बटणांकडे बघत म्हणाला, "मी जिथे गेलो तिथे दुसरा गेलो. पुढे कोणीतरी असतो, त्याची पाठ दिसते. त्या पाठीमागे चालायचं, बस. तिथे आत कोणाची पाठ बघू?"

मी उत्तर तयार करून गेलो नव्हतो. तोंडातून जे निघालं ते निघालं. "माझी बघ. माझाही निघालाय."

"काय?"

"फुगा. मी पुन्हा फोटो काढला, त्यात दिसला. लहान आहे. मलाही जाळी बसवायची आहे."

त्याने माझ्या हातावर हात ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर आधी काळजी आली, आणि काळजीच्या मागून, लपवता न येणारा, निव्वळ आनंद आला. "मी सांगत होतो ना, डोकं तुझं दुखतं म्हणून. हलु. दोघांचं एकत्र करू."

घरी येऊन मी सुनंदाला सांगितलं. तिने कपाळावर हात मारला. "ऑपरेशन काय उपास आहे का, सोबतीने करायला? आणि आता तुमच्या डोक्यात फुगा आणायचा कुठून?"

मी डॉक्टरीणबाईंना एकट्याने भेटून सगळं सांगितलं आणि हात जोडले. त्या म्हणाल्या, "काका, मी खोटं बोलणार नाही." मी खाली मान घातली. मग त्या म्हणाल्या, "पण एका माणसाच्या डोक्याबद्दल मी दुसऱ्या माणसाशी बोलत नाही. तो आमचा नियमच आहे." पुढच्या भेटीत टेकचंदने त्यांना विचारलं, "शिर्केचा फुगा कसा आहे?" त्या म्हणाल्या, "त्याबद्दल मी काही बोलू शकत नाही." टेकचंदचा चेहरा गंभीर झाला. जिना उतरताना त्याने मला दंडाला धरून उतरवलं. "माझ्यापेक्षा सीरियस आहे तुझं. बाई बोलायला पण तयार नाहीत."

एकत्र करण्याचा हट्ट मी कसाबसा मोडला. माझे डॉक्टर ठाण्याला आहेत, आणि मोठ्या फुग्याचा नंबर आधी लागतो, असं सांगितलं. तो विचारात पडला. पहिलं जायचं त्याच्या अंगावर आलं होतं. पण मी मागे आहे एवढ्यावर त्याने होकार दिला.

मग गोळ्या आल्या. जाळीवर रक्ताची गुठळी बसू नये म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आधीपासून सुरू कराव्या लागतात आणि नंतरही चुकवायच्या नसतात. टेकचंद रोज सकाळी त्याच्या गोळ्या घेऊन आमच्या दारात उभा. "काढ तुझ्या." मी सुनंदाच्या कॅल्शियमच्या गोळ्या गिळायचो. सुनंदाची हाडं तशीच राहिली आणि माझं पोट जड झालं. संडासात मी इतका वेळ बसायला लागलो की टेकचंद बाहेरून विचारायचा, "अदा, सोबत पाहिजे का?"

रक्त पातळ झालं की कुठे जरासं आपटलं तरी अंगावर काळंनिळं उमटतं. टेकचंदच्या दंडावर दुकानाचं शटर लागून मोठा डाग उठला. तो तो सगळ्यांना दाखवत हिंडला आणि शेवटी मला म्हणाला, "तुझा दाखव." मी म्हटलं, अजून उठला नाही. त्याला ते पटेना. "गोळी बरोबर घेतोस ना? डॉक्टरला फोन करू?" त्या रात्री सुनंदाने घरातल्या जुन्या जांभळ्या औषधाचा बोळा माझ्या दंडावर फिरवला. डाग झकास जमला. पण दुसऱ्या दिवशी तो धुऊन गेला म्हणून तिने पुन्हा लावला, तो घाईत दुसऱ्या दंडावर. टेकचंदने बराच वेळ माझे दोन्ही दंड पाहिले.

"अदा," तो म्हणाला, "तुझा डाग चालतो."

सुनंदा म्हणाली, "पातळ रक्त आहे भाऊजी, इकडून तिकडे वाहतं." यावर तो मान डोलावत म्हणाला, "हां, माझं अजून थोडं जाड आहे."

इस्पितळात जायच्या दिवशी त्याने नवा शर्ट घातला. डॉक्टरीणबाईंसाठी भाभींकडून पापड भाजून घेतले होते. सिंध्यांच्या घरी आल्या माणसाला आधी पापड आणि पाणी. टेकचंदचं म्हणणं असं की आज त्या माझ्या डोक्यात येणार, म्हणजे पाहुण्याच. उपाशीपोटी निजवलेल्या या माणसाने हिरव्या कपड्यांतल्या डॉक्टरीणबाईंसमोर डबा धरला. त्यांनी एक तुकडा मोडून तोंडात टाकला. मला त्या बाईंबद्दल तेव्हापासून फार आदर आहे.

आत नेण्याआधी तो मला म्हणाला, "तू नंतर ये. पण ये." मी म्हटलं, येतो. मग नर्स म्हणाली, अजून वेळ आहे. भाभी खालच्या देवळीत दिवा लावायला गेल्या. जीतू औषधांच्या काउंटरवर होता. सकाळपासून पोटात काही नव्हतं म्हणून मी कँटीनमध्ये गेलो आणि बटाटावडा मागवला. परत आलो तेव्हा खाट रिकामी होती. वेळेआधीच त्याला आत घेतलं होतं.

सगळं व्यवस्थित झालं. जाळी पहिल्याच मापात बसली. शुद्धीवर आल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला, "शिर्के आत गेला का?"

आता माझी पाळी होती. टेकचंदला विश्रांती सांगितली होती, तरी तो ठाण्याला माझ्या खाटेशेजारी खुर्ची टाकून बसायचे बेत करत होता. म्हणून एका पहाटे मी पिशवी घेऊन निघालो आणि चिखलोलीला माझ्या मुलीच्या नव्या फ्लॅटवर लपलो. "अचानक तारीख मिळाली" असं सुनंदाने समोरच्या दारात सांगितलं. मुलीकडे एक झोपाळा होता. माझ्या ऑपरेशनच्या दिवशी मी त्या झोपाळ्यावर बसून कांदाभजी खात होतो, तेवढ्यात दाराची बेल वाजली आणि मुलीने न विचारता दार उघडलं.

दारात ईश्वरीभाभी. हातात पालक-डाळीच्या साई भाजीचा डबा. बाप इस्पितळात आहे, पोरीच्या घरी कोण रांधणार, म्हणून त्या रिक्षाने आल्या होत्या. त्यांनी मला पाहिलं. माझ्या हातात भजं होतं. झोपाळा माझ्या मनाविरुद्ध हलत राहिला.

"भाभी," मी म्हटलं, "मी सांगतो."

त्यांनी डबा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "त्याच्यासाठी केलं?"

"हो."

"बसा. भजी गार होतात." आणि माझ्या शेजारी झोपाळ्यावर बसून त्यांनीही दोन घेतली. जाताना मात्र त्यांनी पर्समधून पट्टी काढून माझ्या मनगटाला घट्ट बांधली. "टेकचंद बघणार," त्या म्हणाल्या. "उजव्या हाताला. लक्षात ठेवा, उजवा."

सहा-एक महिन्यांनी तपासणी झाली. टेकचंदचा फुगा बंद झाला होता. तो धावत वर आला. "तुझा?" मी म्हटलं, "माझाही." "दोन्ही दुकानं बंद," असं म्हणून त्याने गल्लीत पेढे वाटले. आणि प्रत्येकाला सांगितलं की शिर्केची हिंमत म्हणून मी गेलो. लोक ऐकताना आपल्या सोयीने ऐकतात. वर्षभरात त्या गोष्टीत मी आधी गेलो आणि टेकचंद मागून, असं झालं. टेकचंदनेही ती तशीच सांगायला सुरुवात केली, त्याला ती तशीच बरी वाटायची. ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळाने माझा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, आणि 'धैर्य' या विषयावर दोन शब्द. मी दोनाचे बरेच शब्द केले. पहिल्या रांगेत बसून टेकचंद सगळ्यात आधी टाळ्या वाजवत होता.

गेल्या वर्षी त्याची छाती बिघडली. डोक्याचा काही संबंध नव्हता. जाळी शेवटपर्यंत चोख चालली. घरी पलंग, नाकाला नळी. मी रोज जाऊन बसायचो. एक दिवस तो म्हणाला, "अदा, मला एकच टेन्शन आहे. तुझ्या जाळीचं. माझ्यामागे तुला तपासणीला कोण नेणार? एकटा जाशील?"

मला ते सहन झालं नाही. मी सांगून टाकलं. फुगा नव्हता, जाळी नाही, गोळ्या कॅल्शियमच्या, डाग औषधाचा.

त्याने डोळे मिटून घेतले. मग म्हणाला, "आत नेताना मी मागे वळून बघितलं होतं. तू नव्हतास. मला वाटलं तू कपडे बदलायला गेलास."

"मी कँटीनमध्ये होतो. वडा खात होतो."

"वडा?"

"बटाटावडा."

तो हसायला लागला. हसता हसता खोकला आला, भाभी धावत आल्या, नळी सरळ केली. खोकला थांबल्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं की तसं त्याने मला आयुष्यात पाहिलं नव्हतं. "म्हणजे मी एकटाच गेलो?"

"एकटाच."

"पहिला?"

"पहिला. तुझ्या मागे कोणीच नव्हतं."

"ईश्वरी," त्याने हाक मारली, बायको शेजारीच उभी असताना, "ऐकलं का? मी एकटा गेलो होतो."

पुढचे दिवस तो फार खुशीत होता. जो भेटायला येईल त्याला सांगायचा की शिर्केचं काही झालंच नाही, शिर्के वडा खात होता, मी एकटा गेलो. लोक ऐकायचे आणि एकमेकांकडे बघायचे. जीतू दबक्या आवाजात म्हणायचा, "औषधांमुळे बोलतात, काका. वाईट वाटून घेऊ नका." एक दिवस मंडळाचे अध्यक्ष आले, ज्यांनी मला शाल दिली होती ते. टेकचंदने त्यांचा हात धरून सगळं सांगितलं आणि माझ्याकडे बोट केलं. "विचारा याला."

खोलीत सगळे माझ्याकडे वळले. भाभी दारात उभ्या होत्या, त्याही माझ्याकडे बघत होत्या. एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हटलं, "हो हो, टेकू. तू म्हणतोस तसंच." आजारी माणसाशी बोलतात त्या सुरात म्हटलं. अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. टेकचंद भिंतीकडे तोंड करून झोपला. त्यानंतर त्याने ते कोणालाच सांगितलं नाही. थोड्याच दिवसांनी तो गेला.

बाराव्याला जीतूच्या डोक्यावर बापाच्या जागी पगडी बांधली, त्या बैठकीत मला बोलायला उभं केलं, तेव्हा मी ठरवून माइकवर सगळं खरं सांगितलं. माणसं डोळे पुसत होती. नंतर एकेक जण येऊन माझे हात धरून गेला. मित्राला मोठं करण्यासाठी स्वतःचं ऑपरेशनसुद्धा झालंच नाही म्हणून सांगितलं, असा मोठेपणा कुठे बघायला मिळतो, असं अध्यक्ष म्हणाले. दुसऱ्या शालीची भाषा सुरू झाली.

मी बदलापूरला जाऊन पुन्हा डोक्याचा फोटो काढला आणि दुकानात नेऊन जीतूच्या हातात दिला. म्हटलं, शोध जाळी. त्याने तो ट्यूबलाइटसमोर धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "विरघळली असेल, काका," तो म्हणाला. "आजकाल टाकेसुद्धा विरघळणारे येतात."

शेवटी मी हे लिहायला बसलो. लिहून झाल्यावर दुकानात गेलो आणि भाभींना खाली बोलावून दोघांसमोर वाचलं. अध्यक्षांपाशी मी जे बोललो तिथे येऊन मी कागदातून मान वर केली. मी भाभींना विचारलं, "त्या दिवशी तुम्ही का नाही बोललात?"

"ते तुमचं बोलणं होतं," त्या म्हणाल्या. "मी वाट बघत होते."

जीतू आईकडे बघत होता. "मम्मी, हे खरं आहे?"

"मी चिखलोलीला गेले तेव्हा हे भजी खात होते. मनगटाची पट्टी मीच बांधली."

जीतूने गल्ल्यावरचे हात काढून घेतले. भिंतीवर टेकचंदचा फोटो होता, त्याकडे तो बघत राहिला. "मग पप्पा शुद्धीत बोलत होते," तो म्हणाला.

"पूर्ण शुद्धीत."

"आणि आम्ही त्यांना झोपा म्हणत होतो."

जीतूने माझ्या हातातले कागद मागून घेतले, त्यांची नीट घडी केली, आणि गिऱ्हाईक समोर उभं असताना दुकान तसंच टाकून तो अध्यक्षांच्या घराकडे निघाला.